विषुववृत्तावर असूनही पूर्व आफ्रिका कोरडी का? आफ्रिकेचा नकाशा उंचीपासून वाचायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे : विषुववृत्त आफ्रिकेच्या जवळपास मधून जातं, मग काँगोत घनदाट जंगल आणि त्याच अक्षांशावर सोमालियात काटेरी झुडपं, असं का? एवढ्या मोठ्या नद्या असून जहाजं समुद्रातून आत का जाऊ शकत नाहीत? सोनं, प्लॅटिनम, कोबाल्ट हे सगळं मोजक्याच ठिकाणी का एकवटलं आहे? आणि पाठांतर न करता हे समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात उंचीपासून करा. बहुतेक जण आफ्रिका हवामानाच्या पट्ट्यांपासून शिकतात. मध्ये जंगल, दोन्हीकडे गवताळ प्रदेश, मग वाळवंट, टोकांना भूमध्यसागरी हवामान अशी ती मांडणी असते. पश्चिम अर्ध्या भागात ती बऱ्यापैकी जुळते. पूर्वेत ती साफ कोलमडते आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपलंच काही चुकलं. चूक क्रमात असते. आधी उंची, मग वारा, मग समुद्राचं पाणी आणि सगळ्यात शेवटी अक्षांश, असा क्रम ठेवला तर आफ्रिका बरीच सरळ होते.

प्राकृतिक नकाशा समोर घ्या आणि अंगोलाच्या लुआंडापासून लाल समुद्रावरच्या मसावापर्यंत पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढा. रेघ ढोबळ आहे, पण फार कामाची आहे. रेघेच्या आग्नेयेकडची जमीन बहुतांशी १,००० मीटरच्या वर आहे. वायव्येकडची, म्हणजे काँगोचं खोरं, चाड, नायजरचा प्रदेश आणि सहाराचा मोठा भाग, त्याहून पुष्कळ खाली आहे. आफ्रिकेत हिमालयासारखी लांबलचक वलीपर्वतांची रांग नाही. ॲटलास पर्वत वायव्य कोपऱ्यात आहे आणि दक्षिणेला केप भागात जुन्या वली आहेत, बस. बाकी सारा खंड म्हणजे प्राचीन कठीण खडकांचं पठार.

या पठाराचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर पाटावर ठेवलेली परात आठवा. पाट म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, परातीचा काठ म्हणजे किनाऱ्यालगतचे कडे आणि परातीचा खोलगट भाग म्हणजे आतली खोरी. आफ्रिकेत अशा पराती एकापेक्षा जास्त आहेत : काँगो, चाड, कालाहारी, दक्षिण सुदानचा दलदलीचा सद्द प्रदेश. दक्षिणेकडचा काठ म्हणजे ड्रॅकेन्सबर्ग. लेसोथोतलं थाबाना न्टलेन्याना हे तिथलं सर्वोच्च शिखर ३,४८२ मीटरचं आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ड्रॅकेन्सबर्ग समजावून सांगावा लागत नाही. खाली किनाऱ्याकडचा सखल पट्टा, मग उभा कडा आणि कड्यावर पठार, ही रचना दोन्हीकडे तीच. दोन्हींचा वरचा थर बेसाल्टचा. फरक वयात आहे : ड्रॅकेन्सबर्गचा लाव्हा सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

आता नद्यांकडे या. परातीत साठलेलं पाणी समुद्राकडे जायचं तर काठ फोडूनच जाणार. म्हणून आफ्रिकेतल्या बऱ्याच नद्यांचे धबधबे आणि खळाळ उगमाकडे असण्याऐवजी मुखाच्या जवळ सापडतात. काँगो हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. ही नदी सुमारे ४,७०० किमी लांब आहे आणि तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ४१,००० घनमीटर आहे. ॲमेझॉननंतर जगात दुसरा क्रमांक तिचा. किन्शासा आणि ब्राझाव्हिल ही दोन राजधानीची शहरं मलेबो नावाच्या रुंद डोहाच्या काठी समोरासमोर वसली आहेत. डोहाच्या वर आतल्या खोऱ्यात शेकडो किलोमीटर बोटी चालतात. डोहाच्या खाली मात्र मटाडी बंदरापर्यंतच्या सुमारे ३५० किमीत नदी साधारण २७० मीटर खाली उतरते आणि वाटेत ३०च्या वर खळाळ आहेत. त्यामुळे समुद्रातून आलेलं जहाज मटाडीला थांबतं आणि पुढचा माल रेल्वेने किंवा रस्त्याने जातो. नदी अडवते म्हणून रेल्वे बांधावी लागली, हे आफ्रिकेत अनेक ठिकाणी दिसेल.

हाच उतार विजेसाठी सोन्यासारखा आहे. आणखी एक गोष्ट काँगोच्या बाजूने आहे : तिचं खोरं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. उत्तरेकडे पाऊस ओसरतो तेव्हा दक्षिणेकडे सुरू झालेला असतो. परिणामी वर्षभर प्रवाहात फार चढउतार होत नाही आणि वीज बनवायला प्रचंड साठवण लागत नाही. याच उतारावरच्या इंगा इथे १९७२ मध्ये ३५१ मेगावॅटचा आणि १९८२ मध्ये १,४२४ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. त्या जागेची एकूण क्षमता ४०,००० मेगावॅटच्या घरात धरली जाते. मग अडतं कुठे? गाळ जनित्रांपर्यंत जातो, देखभाल मागे पडते आणि विजेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे देशाच्या आग्नेय टोकाच्या कटंगा प्रांतातल्या खाणी सुमारे १,७०० किमी दूर आहेत. क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांतलं अंतर नकाशावर दिसत नाही, म्हणून "आफ्रिकेत जलविद्युतक्षमता प्रचंड आहे" एवढ्या वाक्यावर कधी थांबू नये.

नाईलच्या बाबतीत एक चूक इतकी रुजली आहे की ती खोडून काढायलाच हवी. "नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून येते" हे लांबीच्या हिशेबाने ठीक, पाण्याच्या हिशेबाने दिशाभूल करणारं आहे. इजिप्तमधल्या आस्वानला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावरून येतं. निळी नाईल, अटबारा आणि सोबात या त्याच्या वाटा. व्हिक्टोरियाकडून निघालेली पांढरी नाईल सद्दच्या दलदलीत पसरते आणि तिथेच तिचं जवळपास निम्मं पाणी बाष्पीभवनाने उडून जातं. तरी तिचं महत्त्व कमी नाही. निळी नाईल जुलै ते सप्टेंबरात धो धो वाहते आणि उन्हाळ्यात अगदी रोडावते. त्या कोरड्या महिन्यांत नदी वाहती ठेवते ती पांढरी नाईलच. इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेल्या, सुमारे ७४ अब्ज घनमीटर साठवणीच्या धरणावरून इजिप्तची झोप का उडाली, ते या हिशेबावरून कळतं.

नायजर थोडक्यात : गिनीच्या डोंगरात, अटलांटिकपासून अवघ्या २४० किमीवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून सहाराच्या दिशेने निघते. मालीत स्वतःचा अंतर्गत त्रिभुज प्रदेश बनवून, मोठं वळण घेऊन मग गिनीच्या आखाताला मिळते. ओकावांगो तर समुद्राला मिळतच नाही. अंगोलाच्या डोंगरात डिसेंबर ते मार्चमध्ये पडलेला पाऊस बोट्सवानाच्या त्रिभुज प्रदेशात जून ते ऑगस्टमध्ये पोहोचतो, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. तिथे पूर येतो तेव्हा आभाळ निरभ्र असतं. त्या भागाचा पर्जन्यालेख आणि पुराचा आलेख एकमेकांवर ठेवून कुणी चुकीचं माप म्हणून फेकून देऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता मुख्य प्रश्न, पूर्व आफ्रिकेच्या कोरडेपणाचा. विषुववृत्ताला चिकटून असलेली तीन गावं घ्या. गॅबनचं लिब्रव्हिल : वर्षाला सुमारे २,८०० ते ३,००० मि.मी. पाऊस. काँगोतलं म्बांडाका : १,६०० ते १,७००. सोमालियातलं किसमायो : ४०० च्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशासारखं, तेही समुद्रकिनारी! अक्षांश एकच, डोक्यावरचा सूर्य एकच. मग फरक कशाचा?

पहिलं कारण वाऱ्याच्या दिशेचं. मे ते सप्टेंबर दक्षिण हिंदी महासागरातल्या मस्कारीन बेटांजवळच्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून वारा निघतो, विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो. केनिया-इथिओपियाचं उंच पठार त्याला पश्चिमेकडे शिरू देत नाही. भिंतीला घासत जावा तसा तो किनाऱ्याला समांतर धावतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सर्वाधिक असतो. याला सोमाली जेट म्हणतात. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या शेवटी त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून फिंडलेटर जेट असंही नाव आहे. पाऊस पडायचा तर हवा वर चढावी लागते. किनाऱ्याला समांतर धावणारी हवा कशावर चढणार?

दुसरं कारण पाण्याचं. हाच जोरदार वारा सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्राकडे ढकलतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. ऐन जुलैत तिथे काही ठिकाणी समुद्राचं तापमान २० अंशांच्या आसपास उतरतं. थंड पाण्यावरची हवा जड आणि स्थिर, ती वर उठत नाही. तिसरं कारण पुन्हा उंचीचं : काँगोकडची दमट हवा पूर्वेकडे येताना खचदरीच्या, म्हणजे कवच फाकून जमीन खचल्याने बनलेल्या लांब दरीच्या, काठावरचे डोंगर तिला अडवतात. आणि हिवाळ्यात येणारे ईशान्य वारे अरबस्तानाकडून येतात, ते मुळातच कोरडे.

हाच सोमाली जेट पुढे अरबी समुद्रावरून येताना बाष्पाने भरतो आणि सह्याद्रीवर जवळजवळ काटकोनात आदळतो. किसमायोजवळून गेलेला कोरडा वारा महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मि.मी. पाऊस देतो. मस्कारीनजवळचा दाब आणि सोमाली जेटचा जोर यांवर भारतीय मान्सूनचा अभ्यास करणारे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात ते यासाठीच.

म्हणूनच पूर्व आफ्रिकेत पाऊस येतो तो वारे दिशा बदलत असताना, म्हणजे मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिला मोठा, दुसरा छोटा. छोट्या पावसाचा अंदाज तुलनेने बरा बांधता येतो, कारण तो हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातल्या फरकाशी, म्हणजे इंडियन ओशन डायपोलशी, घट्ट बांधलेला आहे. २०१९ मध्ये डायपोल जोरात धन होता, म्हणजे महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त उबदार होती. पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि त्या ओलाव्यावर टोळधाड माजली. त्यानंतर २०२० च्या अखेरीपासून ला निनाच्या (प्रशांत महासागराचं विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याच्या) काळात लागोपाठ ५ पावसाळे कोरडे गेले आणि सोमालिया, इथिओपिया, उत्तर केनियात लाखो जनावरं मेली. मार्च-मेच्या पावसाचा अंदाज अजूनही अवघड आहे. दोन्ही हंगामांना एकच नियम लावू नका.

केनियाच्या उत्तरेला तुर्काना सरोवराचा भाग पाहा. इथिओपियाचं पठार आणि केनियाचं पठार यांच्या मधल्या खिंडीतून वारा दाबून निघतो, वेगवान होतो आणि बाष्प घेऊन पुढे निघून जातो. सभोवार वाळवंट. पण त्याच वाऱ्यावर तिथे ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत, ३१० मेगावॅटच्या.

समांतर किनाऱ्याचा हा नियम एकदा हाताला लागला की दुसऱ्या टोकालाही चालतो. घानाचा नकाशा घ्या. अक्झिमला वर्षाला २,००० मि.मी.च्या वर पाऊस आणि पूर्वेला जेमतेम अडीचशे किलोमीटरवरच्या अक्राला ८०० च्या आत-बाहेर. अक्राजवळ किनारा नैर्ऋत्य वाऱ्याला जवळपास समांतर होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही थंड पाणी वर येतं. उलट कॅमेरूनमध्ये वारा समुद्रावरून सरळ ४,००० मीटरच्या ज्वालामुखीवर आदळतो आणि पायथ्याच्या डेबुंडशाला १०,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो.

पश्चिम आफ्रिकेचा अभ्यास करताना आणखी एक घोटाळा होतो. दमट नैर्ऋत्य वारे आणि सहाराचे कोरडे हरमॅटन वारे जमिनीवर जिथे भेटतात ती रेषा ऑगस्टमध्ये २० अंश उत्तरेपर्यंत जाते. विद्यार्थी तिथेच पाऊस दाखवतात. तिथे दमट हवेचा थर पाचरीसारखा पातळ असतो आणि वर गरम कोरडी हवा बसलेली असते, त्यामुळे ढग उंच वाढत नाहीत. खरा पावसाचा पट्टा त्याच्या बराच दक्षिणेला, १० अंशांच्या जवळपास असतो. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठच्या पट्ट्यात, उत्तरेकडे जाताना दर १०० किमीला साधारण १०० मि.मी. पाऊस कमी होतो. हा आकडा लक्षात ठेवा. पट्टा एका वर्षी दीड-दोनशे किलोमीटर दक्षिणेला राहिला तर बाजरीचं पीक का जातं, ते त्यावरून लगेच कळतं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या साहेलच्या दुष्काळाचं खापर बरीच वर्षं अतिचराईवर फोडलं गेलं. नंतरच्या अभ्यासांतून महासागरांच्या तापमानातला बदल हे मुख्य कारण म्हणून पुढे आलं. मेंढपाळांवरचा तो ठपका पाठ्यपुस्तकांतून जायला हवा.

तापमान काढताना दर किलोमीटरला ६.५ अंश घट हा नियम सगळे वापरतात. मोंबासाचं सरासरी तापमान २६-२७ अंश, नैरोबी सुमारे १,७५० मीटरवर, म्हणजे ११ अंश वजा करून १५-१६ यायला हवं. प्रत्यक्षात ते १८-१९ आहे. नियम चुकीचा नाही, लावायची जागा चुकली. तो मोकळ्या हवेसाठी आहे. विस्तीर्ण पठारावर जमीन स्वतः तापते आणि वरची हवा गरम करते. एकाकी शिखरासाठी साडेसहा घ्या, पठारी शहरासाठी साडेचार-पाच धरा, उत्तर जवळ येईल.

सहाराविषयी एवढंच सांगतो की त्याचा साधारण चौथाच भाग वाळूच्या टेकड्यांचा आहे. बाकी खडकाळ पठारं आणि गोट्यांची मैदानं. त्याच्या पोटात न्युबियन वालुकाश्मात इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या देशांखाली प्रचंड भूजल आहे, पण ते पूर्वीच्या ओल्या काळातलं साठलेलं पाणी आहे. आजच्या पावसाने ते भरून निघत नाही. लिबियाने ते मोठमोठ्या नळांनी किनाऱ्यापर्यंत आणलं. त्याला विहीर म्हणण्यापेक्षा खाण म्हणावं.

खनिजांसाठी खडकाचं वय विचारा. अतिप्राचीन स्थिर गाभा म्हणजे क्रॅटन, तिथे सोनं आणि हिरे. जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँडमध्ये १८८६ पासून सोनं निघतंय आणि आता काही खाणी ४ किलोमीटरच्या आसपास खोल गेल्या आहेत. हिऱ्यांच्या खडकाला किंबरलाइट हे नावच किंबर्ली गावावरून पडलं. त्याच भागात सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी शिलारस थर धरून थंड झाला, तो बुशवेल्ड. जगातलं बहुतांश प्लॅटिनम तिथून येतं. त्याहून तरुण गाळाच्या खडकांत झांबिया-कटंगाचा तांब्याचा पट्टा आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं (किन्शासाच्या काँगोचं) कोबाल्ट मुख्यतः या तांब्याबरोबरच निघतं, म्हणून कोबाल्टचा पुरवठा तांब्याच्या बाजारभावावरही हलतो. दक्षिण आफ्रिकेचा कारू कोळसा आणि चंद्रपूर-वणीचा कोळसा गोंडवना या प्राचीन अखंड भूखंडाच्या एकाच काळातले आहेत. पण बॉक्साइटला खडकाच्या वयापेक्षा हवामान जास्त लागतं : मुबलक पाऊस, मध्ये कोरडा ऋतू आणि पाणी मुरू देणारं जुनं सपाट पठार. गिनीत हे सगळं जुळून आलं आहे. कोल्हापूरच्या राधानगरी-शाहूवाडीकडचं बॉक्साइटही जांभ्याच्या सड्यांवर याच रीतीने तयार झालं.

खचदरीचा ठेवा वेगळा. इथिओपियात खंड वर्षाला ६-७ मि.मी. फाकतोय, दक्षिणेकडे त्याहून कमी. कवच पातळ झालं की खालची उष्णता वर येते. केनियाची ४० टक्क्यांहून जास्त वीज आज या भूऔष्णिक उष्णतेतून येते. दरीच्या पश्चिम शाखेत टांगानिका सरोवर १,४७० मीटर खोल आहे, त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे ७०० मीटर खाली. व्हिक्टोरिया मात्र दोन शाखांच्या मधल्या उथळ बशीत आहे, जेमतेम ८० मीटर खोल. ते खचदरीतलं सरोवर नाही, हे प्रश्नपत्रिकेत हमखास चुकतं.

खचदरीच्या याच पश्चिम शाखेतल्या किवू सरोवराच्या तळाच्या पाण्यात सुमारे ६० घनकिलोमीटर मिथेन आणि त्याच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे. वरच्या पाण्याच्या दाबाने तो दबून राहतो. रवांडात सुमारे ३५० मीटर खोलीवरून पाणी नळीने वर आणतात. दाब कमी होताच सोड्याची बाटली उघडावी तसा वायू फसफसून सुटतो, मिथेन वेगळा काढून त्यावर वीज बनवतात. उरलेलं पाणी कुठल्या खोलीवर परत सोडायचं, ही यातली सर्वांत नाजूक बाब. ते जड, खारट पाणी वरच्या थरात सोडलं तर ते खाली बुडताना थर ढवळले जातात आणि पोषकद्रव्यं वर येऊन शेवाळ माजतं. म्हणून ते त्याच्याच घनतेच्या खोल थरात सोडावं लागतं. हे थर टिकणं का महत्त्वाचं, ते कॅमेरूनच्या न्योस सरोवराने दाखवलं : २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तिथून एकदम सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने १,७०० हून जास्त माणसं झोपेत गुदमरून गेली. किवू न्योसपेक्षा हजारो पटींनी मोठं आहे आणि त्याच्या काठी आज लाखो लोक राहतात.